कृष्णाकाठचं इंजिनघर

पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी कऱ्हाड सोडल्यावर शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी लहान स्टेशनं घेत किर्लोस्करवाडीला पोचते. कृष्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा बहुतेकांना ऊस, द्राक्षं आणि साखर कारखान्यांमुळे माहीत असतो. मी तिथे गेले ती जुनी इंजिनं, ट्रॅक्टर आणि ट्रक पाहायला. ताकारीपासून जवळच्या एका गावात एका शेतकऱ्याने ती वर्षानुवर्षं गोळा केली आहेत आणि त्यातली बरीचशी आजही चालू स्थितीत आहेत, एवढं कानावर आलं होतं.

असा संग्रह याच भागात उभा राहावा, याला कारण आहे. वरच्या अंगाला साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली आणि १९३०च्या दशकात तिथे डिझेल इंजिन तयार झालं. भारतात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. खालच्या अंगाला लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं ३२ एकर माळरान त्यांना दिलं. निवडुंग काढून १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

लोखंडी नांगराची गोष्ट इथे आजही सांगितली जाते. लोखंड मातीत गेलं की जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली. मला त्या शेतकऱ्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो नवी वस्तू रानात घालताना दहादा विचार करणारच. एकदा खात्री पटल्यावर मात्र त्याच शेतकऱ्याने नांगर घेतला, पंप घेतला, इंजिन घेतलं, ते मोडल्यावर गावच्या लोहाराकडून जोडून घेतलं आणि त्यातून जमलं तर वेगळंच काहीतरी करून बघितलं. मला पाहायचं होतं ते हे, दुकानातून यंत्र घरी आल्यानंतरचं त्याचं आयुष्य.

संग्रहाच्या मालकांना गावात सगळे आप्पा म्हणतात. ऊस आणि द्राक्षं हे घरचं उत्पन्न. तरुणपणी आयटीआयमधून फिटर झाले आणि काही वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. वस्तीवर पत्र्याच्या तीन लांब शेड आहेत, मधल्या अंगणात चिंचेचं झाड आहे आणि त्याखाली एक जुना लेथ. पाट्या नाहीत, दोऱ्या बांधलेल्या नाहीत. जमिनीवर डिझेल आणि ग्रीसचे डाग आहेत, कारण इथली यंत्रं दर महिन्याला पाळीपाळीने चालू केली जातात.

एक गोष्ट आत शिरताच डोळ्यांत भरते. इथे काहीही चकचकीत नाही. अशा संग्रहात सहसा गंज खरवडून, फॅक्टरीचा मूळ रंग देऊन, नव्या नाममुद्रा लावून यंत्र नवंकोरं दिसेल असं उभं केलेलं असतं. आप्पांनी एकही यंत्र रंगवलेलं नाही. गंज वाढू नये म्हणून तेलाचा हात फिरवतात, बस्स.

मी कारण विचारलं, तर त्यांनी जवळच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या धुऱ्यावर हात ठेवला. जाड वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ तिथे होती. "हितं रंग मारला की हे सगळं झाकलं. मग कंपनीचा ट्रॅक्टर ऱ्हातो, त्या माणसाचा ऱ्हात न्हाई."

पहिली शेड इंजिनांची. विहिरीवरची मोट सुटली ती या इंजिनांमुळे. वीज गावोगाव पोचायच्या कितीतरी आधी डिझेलच्या इंजिनांनी पाणी उपसलं, गुऱ्हाळाचे चरक फिरवले, पिठाच्या गिरण्या चालवल्या. शेडच्या तोंडाशी कूपरचं जुनं उभं इंजिन आहे, बाजूचं चाक माणसाच्या कमरेपर्यंत येणारं. त्याच्या शेजारी राजकोटी. मूळचा नमुना इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा, एका सिलिंडरचा, सहा अश्वशक्तीचा आणि मिनिटाला अवघे साडेसहाशे फेरे घेणारा. हे इंजिन १९३०च्या सुमारास बाजारात आलं. राजकोटच्या कारखानदारांनी त्याच धर्तीची इंजिनं इतकी बनवली की मूळ कंपनीने ते बंद केल्यावरही राजकोटहून ती जगभर जात राहिली.

आप्पांनी ते चालू करून दाखवलं. टाकीत पाणी आहे का ते पाहिलं. या इंजिनाला पाण्याचा पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली उतरतं आणि एवढ्यावर सिलिंडर थंड राहतो. मग झडपेचा लिव्हर वर केला, म्हणजे आतली हवा कोंडत नाही आणि चाक हलकं फिरतं. हँडल लावून मला म्हणाले, "ताई, हँडल मारताना अंगठा मुठीत घ्यायचा न्हाई. बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटं मारलं तर मनगट जातंय." संथपणे सुरुवात करून त्यांनी चाकाला वेग दिला, लिव्हर सोडला आणि पहिला ठोका पडला. नंतरचे ठोके सुटे सुटे, मोजता येतील असे. दोन्ही चाकांचं वजन इतकं की एका ठोक्यात साठलेली गती पुढच्या ठोक्यापर्यंत पुरते. अशा इंजिनाला घाई नसते, म्हणून झीजही कमी होते. तीस-चाळीस वर्षं एकाच विहिरीवर चाललेली इंजिनं या भागात होती, त्यामागे हे कारण.

त्यांच्या पुढे किर्लोस्करच्या इंजिनांची रांग आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात, खडकीला सुरू झाली. तिचं एव्ही-१ हे पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेतं. म्हणजे राजकोटीच्या दुपटीहून जास्त वेग, आणि वजन त्या मानाने पुष्कळ कमी. बैलगाडीत घालून ते या विहिरीवरून त्या विहिरीवर नेता येई. आप्पांकडच्या एका एव्ही-१चा पाया सागवानी ओंडक्यांचा आहे आणि त्याला चार कड्या ठोकलेल्या आहेत. चार भावांत विहीर एक आणि इंजिनही एक होतं, त्यामुळे पाळी बदलली की कड्यांतून दांडा घालून ते उचलून न्यायचं. कड्यांची भोकं आता झिजून लांबट झाली आहेत. त्या घरातल्या वाटणीचा कागद कुठे असेल-नसेल, ही भोकं आहेत.

दुसऱ्या शेडमध्ये ट्रॅक्टर. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळले.

दारातच करड्या रंगाचा, बुटका फर्ग्युसन टीई-२० आहे. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात हे पाच लाखांहून जास्त बनले. आप्पांकडचा रॉकेलवर चालणारा आहे, पेट्रोलवर चालू करायचा आणि तापला की रॉकेलवर न्यायचा. या ट्रॅक्टरचं मोठेपण इंजिनापेक्षा मागच्या तीन दांड्यांत आहे. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला की चाकं फिरत राहत, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि तो मागे चालकाच्या अंगावर येई. अशाने कित्येक माणसं गेली. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला. फाळाला अडथळा लागला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि तोंड जमिनीला चिकटून राहतं. शिवाय ओढ वाढली की हायड्रॉलिक आपोआप नांगर थोडा उचलतं. १९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. पुढे तो मोडला आणि १९५२ साली फोर्ड कंपनीला तडजोडीत साडेब्याण्णव लाख डॉलर द्यावे लागले. आज आपल्याकडे रस्त्याने जो ट्रॅक्टर जाताना दिसतो, त्याच्या मागे हेच तीन दांडे असतात.

आप्पांनी खणातून या ट्रॅक्टरचा पाना काढून हातात दिला. दोन्ही टोकांना दोन मापांची तोंडं. अवजारांचे बहुतेक नट या दोनच मापांत बसवलेले, म्हणजे शेतकऱ्याला पान्यांची पेटी बाळगायला नको. पान्याच्या दांडीवर इंचांच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्याच पान्याने फाळांमधलं अंतर मोजायचं. रानात उभ्या माणसाचा इतका विचार केलेली वस्तू फार क्वचित हाताला लागते. मी तो पाना बराच वेळ हातात घेऊन बसले होते.

पुढे बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ साली कंपनी निघाली आणि हा ट्रॅक्टर मुंबईच्या कांदिवलीत बनू लागला. सहकारी साखर कारखानदारी तेव्हा जोरात वाढत होती, उसाच्या रानाला खोल नांगरट हवी होती, आणि भूविकास बँक जमीन तारण घेऊन कर्ज देत होती. तरी पैसे असून ट्रॅक्टर मिळत नसे, नंबर लावून थांबावं लागे. आप्पांचा बी-२७५ शेजारच्या गावच्या एका घराने असाच नंबर लावून घेतलेला. त्याच्या अंगावर त्या घराची सगळी वर्षं दिसतात. क्लचच्या पेडलवर बाभळीचा ठोकळा बोल्टने बसवलाय, कारण मालक बुटके होते. पुढचा मोडलेला धुरा बोअरच्या केसिंग पाइपचा तुकडा घालून जोडलाय. सुरुवातीला आप्पांनी दाखवलेली वेल्डिंगची रेघ याच धुऱ्यावरची. मागचा दिवा एसटीचा आहे. डाव्या मडगार्डवर पत्र्याची बैठक आहे, तिच्या कडेला रबरी नळी चिरून बसवलेली, म्हणजे बाजाराला जाताना मालकिणीच्या लुगड्याला पत्रा लागू नये. ही नळी मला या संपूर्ण संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटली.

ट्रॅक्टर आला म्हणजे सगळं चांगलंच झालं, असं मात्र नाही. आनंद यादवांच्या 'गोतावळा' कादंबरीत याच मुलखाजवळचा एक शेतगडी ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातली जनावरं एकेक करून जाताना बघतो. आप्पांच्या वडिलांनी बैल विकले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. ते आप्पांनी न विचारता सांगितलं आणि लगेच पुढच्या यंत्राकडे वळले.

बाकीची रांग देशाच्या कारखानदारीचा नकाशाच आहे. आयशर २४१, एका सिलिंडरचा, दीड लिटरहून मोठा सिलिंडर आणि हवेवर थंड होणारा. चालू केला की पुढचं तोंड थडथड हलतं. पण रेडिएटर नाही, पाण्याची कटकट नाही. आयशरने १९५९ साली फरिदाबादला भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला होता. शेजारी एचएमटी २५११, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा नमुना, १९७१पासून हरियाणातल्या पिंजोरला बनलेला. तो कारखाना बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, तेव्हापासून सुटे भाग मिळवायला आप्पांना पंजाबापर्यंत माणसं जोडावी लागली आहेत. पलीकडे स्वराज ७२४. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी केला आणि १९७४ साली मोहालीला त्याचं उत्पादन सुरू झालं. बाहेरच्या कुणाचा परवाना न घेता बनलेला म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. दिसायला तो या रांगेत सगळ्यात साधा आहे.

कोपऱ्यात भिंतीला एक स्टिअरिंग टांगलंय, खाली दांड्यासकट. जर्मनीच्या मानहाइम शहरात १९२१पासून बनलेल्या लांझ बुलडॉगचं ते आहे. त्या ट्रॅक्टरच्या सिलिंडरच्या तोंडाशी लोखंडाचा पोकळ गोळा असे. तो दिव्याच्या आचेने लाल होईपर्यंत तापवायचा, मग हेच स्टिअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या चाकात खुपसायचं आणि झोका देऊन इंजिन चालू करायचं. उलट्या दिशेनेही ते चालू होऊ शके, मग ट्रॅक्टर पुढच्या गिअरमध्ये मागे जाई. भंगारवाल्याकडे आप्पा पोचले तेव्हा बाकीचा ट्रॅक्टर तुकडे होऊन गेलेला होता. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्या आणि जालन्याच्या भट्ट्या जुनं लोखंड सतत मागत असतात. ओतीव लोखंडाचं जुनं इंजिन म्हणजे त्यांना उत्तम माल. वाचलेल्या प्रत्येक यंत्रामागे वितळून गेलेली किती असतील, हे त्या एका स्टिअरिंगपाशी फार जाणवतं.

ट्रक उघड्यावरच आहेत, चिंचेच्या पलीकडे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे नाकासारखं बॉनेट काढलेला तो टाटा मर्सिडीज जुन्या मराठी चित्रपटांतून अजून दिसतो. १९६९ साली करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला. आप्पांच्या ट्रकवर त्या ताऱ्याची भोकं तेवढी आहेत, वर मालकाने कुलदैवताची पितळी पट्टी ठोकली होती. कारखान्यातून तेव्हा नुसती चॅसिस येई, केबिन आणि हौदा सुतार बांधत. या हौद्याच्या फळ्या खाचा पाडून एकमेकींत बसवल्या आहेत, खिळे फार थोडे. त्याला लागून मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने बनवलेला फार्गो उभा आहे. त्याचं मूळ पेट्रोल इंजिन काढून मद्रासच्या सिम्पसनने बनवलेलं पर्किन्सचं डिझेल इंजिन घातलंय. लष्कराच्या लिलावातला एक शक्तिमानही आहे, जबलपूरला जर्मन परवान्यावर बनलेला, दगडखाणीत मरेस्तोवर राबलेला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. आणि तीन चाकी टेम्पो हॅन्सियाट, ज्याला या भागात अजून डुक्कर म्हणतात. इंजिन पुढच्या चाकावर बसलेलं आणि ओढायचं कामही त्या एकाच चाकाचं, त्यामुळे चढावर मागे माल जास्त झाला की पुढचं चाक घसरे. तेव्हा क्लीनर उतरून पुढे बसे.

तिसरी शेड दाखवताना आप्पांचा आवाज बदलला. यात कंपनीचं एकही यंत्र नाही. गावच्या मिस्त्र्यांनी, शेतकऱ्यांनी, कॉलेज सोडलेल्या पोरांनी बनवलेली ही यंत्रं.

मधोमध एक घरगुती ट्रॅक्टर आहे. इंजिन पाच अश्वशक्तीचं एव्ही-१, म्हणजे विहिरीवरचं. पाच अश्वशक्तीने रान कसं ओढायचं? करणाऱ्याने डिस्पोजलच्या विलीज जीपचा तीन गिअरचा बॉक्स घेतला आणि त्याच्या मागे दुसरा तसाच बॉक्स जोडला. पहिल्या बॉक्सने वेग कमी केला की ताकद तितक्या पटीने वाढते, दुसऱ्याने पुन्हा. त्याच्या मागे जीपचंच डिफरन्शियल. सगळं खालच्या गिअरमध्ये टाकलं की हे यंत्र बैलाच्या चालीने चालतं आणि कोळपणी, पाभर, हलकी वखरणी करू शकतं. इंजिनापासून गिअरपर्यंत कडक जोड न देता पट्टा दिलाय. मी आधी त्याला पैशाची बचत समजत होते. आप्पांनी पट्टा हाताने दाबून दाखवला. फण दगडाला अडला तर पट्टा घसरतो, गिअरचे दात तुटत नाहीत. क्लचचं कामही तोच करतो, एक फिरती पुली दाबली की पट्टा ताणला जातो. चार ठिकाणांहून भंगार आणून जुळवलेल्या या यंत्रात एकही भाग उगाच नाही. बनवणारा सातवी शिकलेला होता.

त्याच्या शेजारी हळद पॉलिश करायचं पिंप. सांगली हळदीची मोठी पेठ. उकडून वाळवलेल्या हळकुंडावर खडबडीत साल आणि मुळांचे तंतू असतात, ते घासून काढले नाहीत तर भाव येत नाही. पूर्वी हे काम पोत्यात घालून पायांनी होई. इथे मिस्त्रीने जाळीच्या पत्र्याचं अष्टकोनी पिंप केलंय, जाळीचे धारदार ओठ आतल्या बाजूला. मधून लोखंडी दांडा आरपार गेलाय, तो मात्र मध्यावरून नाही, तिरका. पिंप फिरताना हळकुंडं गोल गोल न फिरता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलली जातात, एकमेकांवर घासली जातात. मी हात फिरवला तेव्हा जाळीच्या भोकांत अजून पिवळी भुकटी होती, बोटाला लागली.

बाकीही बरंच काही आहे. बेदाण्याच्या काड्या आणि मणी वेगळे करणारं पंख्याचं यंत्र, स्कूटरच्या इंजिनावरचा द्राक्षबागेचा फवारा, उसाच्या वाहतुकीला लहान ट्रॅक्टरमागे जोडायची अंगद गाडी. सौराष्ट्रात अमरेलीकडे मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि फण बसवलेली बुलेट सांती निघाली. तिच्यावरून गावच्या एका पोराने केलेली नक्कलही एका भिंतीला टेकून आहे. याच भागातल्या एका कारागिराने दुचाकीचं इंजिन वापरून, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली होती. ती २०२२ साली महिंद्र कंपनीने बोलेरोच्या बदल्यात घेतली आणि आपल्या संशोधन केंद्रात ठेवली. अशी दाद मिळणं चांगलंच. पण ती एका जीपला मिळाली, आणि हळदीच्या पिंपाकडे कुणी वळून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कायदाही इथे आप्पांच्या उलट बाजूला आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापरातली दुचाकी-चारचाकी वाहनं 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात, त्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. श्रीमंताच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला ही अट सहज जमते. पर्किन्स इंजिन घातलेल्या फार्गोला ती कशी जमावी? तिसऱ्या शेडमधल्या यंत्रांना तर रस्त्यावर यायचीच परवानगी नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते रास्त आहे आणि आप्पाही ती बांधाबाहेर नेत नाहीत. पण 'जसं कारखान्यातून आलं तसं' एवढीच जुन्या यंत्राची किंमत धरली, तर शेतकऱ्याचं एकही यंत्र वारसा ठरणार नाही. ज्या यंत्रावर पोट होतं ते न बदलता ठेवणं परवडणारं नव्हतं. धुरा मोडला तेव्हा पेरणी तोंडावर होती, नवा धुरा मुंबईत होता आणि केसिंग पाइप दारात होता. त्या माणसाने काय केलं ते धुऱ्यावर लिहिलेलं आहे, तोच या भागाचा इतिहास आहे आणि तो जपलाच पाहिजे.

आप्पांनी प्रत्येक यंत्राची एक वही केली आहे. कुणी घेतलं, कर्ज कुठून काढलं, कुठल्या रानात चाललं, कोणता भाग कुठल्या मिस्त्रीने कधी बदलला आणि का. हळदीच्या पिंपाच्या वहीत दांडा तिरका ठेवण्याचं कारण मिस्त्रीच्याच शब्दांत आहे, शेजारी पेन्सिलीने काढलेली आकृती. काही पानं रिकामी आहेत, कारण विचारायला गेले तेव्हा माणूस गेलेला होता. मला वाटतं, या वह्यांचं काम एकट्या आप्पांवर सोडून चालणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि तालुक्यातालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांनी आपापल्या गावच्या जुन्या मिस्त्र्यांकडे बसून ही माहिती उतरवून घेतली पाहिजे. यंत्र एकवेळ भंगारातून परत मिळेल, दांडा तिरका का ते सांगणारा माणूस मिळणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. किर्लोस्करवाडी किंवा ताकारी, दोन्ही स्टेशनं सोयीची. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव आणि उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं सागरेश्वरचं अभयारण्य आहे, एका फेरीत दोन्ही होतात. उसाचा गाळप हंगाम चालू असताना रस्त्यावर ट्रेलरची गर्दी असते, तेव्हा संध्याकाळी गाडी चालवणं टाळावं. यंत्रं चालू बघायची असतील तर खंडेनवमीला जावं. त्या दिवशी मिस्त्र्यांच्या घरची माणसं येतात, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचा हार घालतात आणि आप्पा सगळ्यात जुन्या इंजिनापासून सुरुवात करून ती ओळीने चालू करतात. राजकोटी नेहमी पहिल्या हँडलला लागतं. कूपर दोन वर्षांपासून बंद आहे, त्याचा इंधन पंप झिजलाय, आणि मिस्त्रीला तो लेथवर नवा करायचा तर मूळ मापं हवी आहेत. कुणाच्या माळ्यावर कूपरच्या इंजिनाची सुट्या भागांची जुनी पुस्तिका असेल, तर ती रद्दीत घालू नये. आप्पांना तिची फार गरज आहे.